दिनविशेषाचे टेबल कॅलेंडर : जमलेली पाने आणि राहिलेला खुलासा

टेबलावर ठेवून रोज एक पान उलटायचे हे दिनविशेष कॅलेंडर, पानांवर वार छापलेले नसल्यामुळे, दरवर्षी वापरता येते आणि मोरारजी देसाईंच्या जन्मतारखेचे, म्हणजे २९ फेब्रुवारीचे पानही त्यात आहे. बहुतेक दिनविशेषांत जन्म, मृत्यू आणि घटना यांच्या लांबलचक याद्या असतात. इथे संपादकांनी नोंदी मोजक्या ठेवून त्या शेजारी शेजारी वाचायला लावल्या आहेत, आणि हेच मला फार मोलाचे वाटते.

१ ऑगस्टचे पान पाहावे. १९२० साली त्या दिवशी मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले, गांधीजींच्या असहकार चळवळीला त्याच दिवशी आरंभ झाला आणि वाळवे तालुक्यातील वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊंची जयंती एकाच तारखेला येते हे सर्वांना ठाऊक असते. सालही एकच आहे, हे मात्र अनेकांच्या लक्षात आलेले नसते. १४ एप्रिलच्या पानावर डॉ. आंबेडकरांच्या जयंतीसोबत १९४४ सालच्या मुंबई गोदीतील स्फोटाची नोंद आहे. कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाची आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले आणि म्हणून हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, हा कार्यकारणभाव तिथे नीट सांगितला आहे.

खटकते ते कालगणनेबाबतचे मौन. रशियातील ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरच्या पानावर आहे, म्हणजे तिथे जुनी तारीख आजच्या पद्धतीत बदलून घेतली आहे. शिवराज्याभिषेक मात्र ६ जूनलाच आहे, जी त्या काळी इंग्रज वापरत असलेल्या ज्युलियन पद्धतीची तारीख आहे आणि आजच्या गणनेने १६ जून येते. रूढ तारीख ठेवण्यास माझा अजिबात आक्षेप नाही, पण ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही मूळ तिथी आणि दहा दिवसांच्या फरकाचा खुलासा पानाच्या तळाशी एका ओळीत सहज मावला असता. शाळकरी मुले हेच पाहून फळ्यावर दिनविशेष लिहितात, तेव्हा ही ओळ हवीच होती.

कागद जाड आहे, अक्षर मात्र बारीक आहे. शाळेच्या वाचनालयासाठी हे कॅलेंडर जरूर घ्यावे. तिथी आणि कालगणनेच्या टिपा मात्र पुढील आवृत्ती येईपर्यंत शिक्षकांनाच जोडाव्या लागतील.