हॉर्स्टेड कीन्स स्टेशन: अख्खा दिवस काढूनच जा
लेक लंडनला असते, तिने ससेक्समधल्या ब्लूबेल रेल्वेवर नेलं. बंद पडलेल्या मार्गाचा एक तुकडा स्वयंसेवकांनी 1960 साली पुन्हा सुरू केला. पुढे कचऱ्याने बुजलेली खिंड मोकळी करून 2013 मध्ये गाडी ईस्ट ग्रिन्स्टेडला पोचवली. केवढी चिकाटी! याच मार्गावरचं हॉर्स्टेड कीन्स 1882 चं, पण सजवलंय सदर्न रेल्वे या जुन्या ब्रिटिश रेल्वे कंपनीच्या जमान्यासारखं. माझे वडील कुर्डुवाडीला पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. फलाटावर कोळशाचा धूर नाकात गेला आणि त्यांचा खाकी सदराच आठवला. एक पांढऱ्या केसांचे आजोबा दाराची पितळी मूठ चिंधीने घासत होते, पगाराविना. मी तिथेच थांबले, एक गाडी सोडून दिली. तिकीट महाग वाटलं, तरी पुन्हा जाणार.