कलम लावताना माती बसवायची कशी: पायाने, हाताने की पाण्याने?

जूनचा पाऊस सुरू झाला की रोपवाटिकांत गर्दी होते आणि कलम घरी पोहोचण्याआधीच सल्ले पोहोचतात. एक जण सांगतो, टाचेने चांगलं दाबा, नाहीतर वाऱ्याने हलेल. दुसरा म्हणतो, पाय लावूच नका, मुळं गुदमरतील. तिसऱ्याच्या मते दाबण्याची गरजच नाही, दोन बादल्या पाणी ओतलं की माती आपली आपण बसते. तिघेही आपापल्या जमिनीत बरोबर असतात. तेव्हा तुमची माती कोणती आणि लावायच्या दिवशी ती किती ओली आहे, हे आधी बघा.

माती बसवायची कशासाठी, तर मुळांवरच्या केसांसारख्या तंतूंना मातीचा कण लागला तरच पाणी मिळतं. पोकळी राहिली की तेवढं मूळ हवेत लटकतं आणि सुकतं. पण दाबण्यालाही मर्यादा आहे. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा रिकामी असते, त्यात थोडं पाणी आणि थोडी हवा. दाब पडला की आधी मोठी छिद्रं मिटतात, आणि हवा खेळते ती त्याच छिद्रांतून. निचराही तिथूनच होतो.

आता पाय. पासष्ट किलोच्या माणसाने सगळा भार एका टाचेवर टाकला, तर साधारण ३५ चौरस सेंटिमीटर जागेवर तो पडतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पावणेदोन-दोन किलो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरखाली वरच्या थरावर हा आकडा बहुतेक वेळा एक किलोच्या आसपास असतो. ट्रॅक्टरचा दाब खोलवर जातो, टाचेचा वरच्या वीतभर मातीतच संपतो, हे खरं. पण नव्या रोपाची मुळं त्या वीतभरातच असतात! तळहाताने दाबलं तर दाब टाचेच्या दाबापेक्षा खूपच कमी राहतो.

म्हणून पाय वाईट, असं मात्र नाही. कोकणातल्या पुळणीत माड लावायचा असेल तर पायच हवा. रेताड माती दाबली तरी तिच्यातून पाणी आणि हवा जात राहते, आणि वाऱ्यावर डोलणाऱ्या माडाच्या रोपाला नारळाभोवती घट्ट माती लागते. फक्त कोंबाच्या बेचक्यात माती जाऊ देऊ नका. जांभ्या दगडाच्या लाल मातीतही तळव्याने, म्हणजे टाच न रोवता सपाट पावलाने दाबलं तर चालतं. या मातीत निचरा मुळातच चांगला असतो.

देशावरच्या काळ्या मातीचा स्वभाव वेगळा. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. ओल्या काळ्या मातीवर टाच रोवली की तिचा चिकट गोळा होतो. तो वाळला की विटेसारखा होतो आणि भेग पडते ती बहुधा मुळांच्या गड्ड्याच्या, म्हणजे पिशवीतून मुळांसकट निघालेल्या मातीच्या गोळ्याच्या, कडेनेच. इथे निर्णय वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशा अवस्थेवर, सोडावा. मूठभर माती घट्ट दाबून कमरेच्या उंचीवरून खाली टाका. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, खुशाल हाताने दाबा. गोळा तसाच चपटा बसला तर त्या दिवशी दाबायचं काम नाही, शक्य असेल तर लावायचंही नाही. दोन दिवस उघडीप मिळू द्या. कलम पिशवीत सावलीला ठेवलं, पाणी देत राहिलात, तर त्याचं काही बिघडत नाही.

पाण्याने माती बसवणं मला सगळ्यांत बिनधोक वाटतं, पण त्यालाही दोन अटी आहेत. पहिली, रोप थोडं उंच लावायचं. नव्याने भरलेला खड्डा पाण्याने खचतो आणि रोप सोबत खाली जातं. कलमाचा जोड, म्हणजे खालच्या रोपावर वरची फांदी जिथे जोडलेली असते ती जागा, मातीत गेला की तिथे कूज लागू शकते, शिवाय जोडावरच्या झाडाला मुळं फुटली तर कलम करण्याचा हेतूच संपतो. म्हणून हातभर खोल भराव असेल तर गड्ड्याचा माथा जमिनीपेक्षा चार बोटं वर राहू द्या. दुसरी अट, पाणी टप्प्याटप्प्याने द्यायचं. निम्मी माती भरली की एकदा, ते मुरलं की उरलेली माती भरून पुन्हा. सगळं एकदम ओतलं तर वर चिखल आणि आत पोकळी, असा प्रकार होतो. मुसळधार पावसात हे काम पाऊसच करतो. तेव्हा आळं करण्यापेक्षा खोडाभोवती उंचवटा करून पाणी बाहेर काढून देणं जास्त गरजेचं.

या वादात एक गोष्ट राहून जाते: दाबायचं कुठे? खड्ड्याचा जो भाग गड्ड्याखाली येणार, तो जोर लावून दाबा, तिथे पाय दिला तरी हरकत नाही. तळ पक्का असेल तर झाड खचत नाही. बाजूची माती थर थर टाकत हाताने बसवा. वरची दोन-तीन बोटं मात्र मोकळीच ठेवा, पाणी तिथून आत जायचं असतं. आणि खुद्द गड्ड्यावर कधीच दाब देऊ नका. पिशवीतला मातीचा गड्डा फुटला की बारीक मुळं तुटतात, मग बाहेरून कितीही नीट दाबलंत तरी उपयोग नाही.

वाफ्यातून उपटून आणलेल्या रोपांना, म्हणजे वांगी, मिरची, कोबी यांना, वेगळा हिशेब लागतो. त्यांच्या मुळांभोवती माती उरलेलीच नसते, त्यामुळे दाबण्याची खरी गरज त्यांनाच असते. दोन्ही हातांची बोटं रोपाच्या दोन बाजूंनी खुपसून माती मुळांकडे सरकवा. मग एक पान धरून हलकेच ओढून बघा. पान फाटलं तर रोप बसलं, रोप हातात आलं तर पुन्हा लावा. पिशवीतल्या कलमावर हा प्रयोग करू नका.

गच्चीवरच्या कुंडीत पाणी हाच पर्याय. कोकोपीट दाबलं की पाणी धरून बसतं आणि हवा संपते, आणि कुंडीत ते निथळून जायला खाली जमीन नसते. कुंडी दोन-तीनदा जमिनीवर आपटा, पाणी द्या, खाली बसलं तेवढं वरून भरा.

आणि वाऱ्याची भीती असेल तर तिच्यासाठी माती तुडवण्यापेक्षा बांबूची काठी स्वस्त पडते. गड्ड्याच्या बाहेर, वाऱ्याच्या बाजूला रोवा आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवून सैल बांधा, म्हणजे खोड थोडं हललं तरी मुळांवर ताण येत नाही. पंधरवड्याने खोडाजवळ खळगा दिसला तर वाफसा बघून माती घाला, मात्र जोड उघडा राहील इतकीच.