घरी मिक्सिंग करायचं तर रीपर

रीपर हे गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की बरेच जण पाच मिनिटांत बंद करून टाकतात, कारण समोर राखाडी रिकामा स्क्रीन, ना लूप्स ना तयार साउंड्स, आणि मेनू तर मारुतीच्या शेपटासारखे संपता संपत नाहीत. पण ज्यांचं गाणं रेकॉर्ड होऊन पडलंय आणि आता फक्त नीट मिक्स करायचंय, त्यांना मी डोळे झाकून हेच सांगेन.

बनवणारी कंपनी कॉकोस, म्हणजे विनॅम्प हा जुना म्युझिक प्लेअर बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलची. पहिलं पक्कं व्हर्जन 2006 चं आणि सातवं 2023 मध्ये आलं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, 60 दिवस सगळं फीचर उघडं असतं, काही लॉक नाही, त्यामुळे एक अख्खं गाणं मिक्स करून मगच ठरवता येतं.

माझ्या मते खरी ताकद राउटिंगमध्ये, म्हणजे कुठला आवाज कुठे जायचा ते ठरवण्यात आहे. इथे ऑडिओ ट्रॅक वेगळा, मिडी (सुरांच्या सूचनांचा ट्रॅक) वेगळा, बस (अनेक ट्रॅक एकत्र करणारा ट्रॅक) वेगळी असला प्रकारच नाही, ट्रॅक म्हणजे ट्रॅक, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. कोरसचे सगळे आवाज एका ट्रॅकखाली ओढून टाकले की तो वरचा ट्रॅक फोल्डर होतो आणि तीच तुमची बस, त्यावर एक कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबून पातळी सारखी करणारा इफेक्ट) टाकला की सगळे आवाज एकत्र बसतात, फेडरही (आवाजाची सरकपट्टी) एकच हलवायचा. बस बनवा, इनपुट निवडा, आउटपुट जोडा ही भानगडच नाही.

आता किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेस एकमेकांच्या अंगावर येतायत, दोन्ही एकदम वाजले की खालचा भाग नुसता गढूळ होतोय, हे घरच्या मिक्समध्ये नेहमीचं. रीपरमध्ये किकच्या ट्रॅकवरचं राउट बटण धरायचं आणि माउसने थेट बेसच्या ट्रॅकवर नेऊन सोडायचं, जी विंडो उघडते तिथे पोचायचे चॅनल 3/4 करायचे, मग बेसवर रीआकॉम्प हा रीपरचाच कॉम्प्रेसर लावून त्याचा डिटेक्टर इनपुट (कुठला आवाज ऐकून दाबायचं ते) ऑक्झिलरीवर ठेवायचा. झालं साइडचेन, म्हणजे किक वाजली की बेस आपोआप दबतो. रेशो (किती दाबायचं) 4:1, रिलीज (दाब सुटायचा वेळ) 100 मिलिसेकंदांच्या आसपास आणि किकच्या ठोक्याला बेस 3-4 डीबी खाली जाईल एवढाच थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होण्याची पातळी). कानाला बेस दबलेला कळत नाही पण किक एकदम मोकळी होते. मग रिलीज गाण्याच्या वेगाप्रमाणे कमीजास्त करा, बेस पुढच्या ठोक्याच्या आत परत वर यायला हवा.

व्होकलसाठी सगळ्यात जास्त उपयोगाचा आहे प्री-एफएक्स व्हॉल्यूम एन्व्हलप, म्हणजे इफेक्ट्सच्या आधीच आवाज कमीजास्त करणारी रेषा. मुखडा हळू आणि अंतरा जोरात गायलेला असेल तर कॉम्प्रेसर अंतऱ्यात गळा दाबतो आणि मुखड्यात नुसता बसून राहतो. हा एन्व्हलप कॉम्प्रेसरच्या आधी काम करतो, त्यामुळे ओळ न् ओळ हाताने समान करून घ्यायची, मग कॉम्प्रेसरला फार थोडं काम उरतं आणि आवाज जिवंत राहतो. वेळ जातो, जाऊ द्या, व्होकलवर घालवलेला वेळ कधी वाया जात नाही.

सोबत येणारे प्लगइन (इफेक्ट्स) दिसायला अगदी साधे, सुंदर नॉब वगैरे काही नाही, पण रीआईक्यू या इक्वलायझरमध्ये हवे तेवढे बँड टाकता येतात आणि रिव्हर्ब (घुमारा) देणाऱ्या रीआव्हर्बेटमध्येच हायपास (खालचा भाग कापणारा फिल्टर) आहे, तो 300 हर्ट्झच्या आसपास ठेवला की रिव्हर्बचा चिखल होत नाही. आणि मशीन जुनं असेल तरी घाबरू नका, रीपर इफेक्ट्सचं गणित थोडं पुढचं आधीच करून ठेवतं, म्हणून प्लेबॅकला जड जात नाही. तरी अडलंच तर परफॉर्मन्स मीटर उघडा, कुठला ट्रॅक सीपीयू खातोय ते सरळ दिसतं, तेवढा फ्रीझ करायचा, म्हणजे इफेक्ट्ससकट पक्का करून टाकायचा.

उणीव सांगायची तर वाद्यं जवळजवळ नाहीतच, बीट बनवण्यापासून सुरुवात करणाऱ्यांनी एबलटन किंवा एफएल स्टुडिओ बघावं. सूर सुधारणारं रीआट्यून हलक्या दुरुस्तीपुरतं ठीक, बेसूर गाणं वाचवायला नाही. आणि सेटिंग्ज इतक्या आहेत की थीम बदलण्यातच दिवस जाईल, सुरुवातीला त्यात हात घालूच नका.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून करा. तुलनेसाठी आणलेलं गाणं वेगळ्या ट्रॅकवर ठेवून त्याचा मास्टर सेंड (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या मास्टरकडे जाणारा रस्ता) बंद करा आणि त्याला सरळ हार्डवेअर आउटपुट द्या, नाहीतर मास्टरवरचा तुमचा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारा इफेक्ट) त्या गाण्यालाही लागतो आणि तुलना खोटी ठरते. त्याचा व्हॉल्यूमही तुमच्या मिक्सएवढा खाली आणा, कारण जे जोरात वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. शेवटी रेंडरमध्ये ड्राय रन केलं की फाइल न बनवताच लफ्स (कानाला जाणवणारा एकूण जोर) आणि ट्रू पीकचे (सगळ्यात उंच टोकाचे) आकडे मिळतात. स्पॉटिफाय साधारण -14 लफ्सला आणून वाजवतं, तेव्हा लिमिटर दाबून दाबून आवाज वाढवण्यापेक्षा ट्रू पीक -1 च्या खाली ठेवा आणि ड्रमचा ठोका शाबूत राहू द्या.