जीटीए फाइव्ह, दुसऱ्यांदा: स्वस्तातला नॉर्म महागात पडला

जीटीए फाइव्ह हा दरोड्यांचा व्हिडिओ गेम आठ महिने रमतगमत खेळलो, कथा संपत आली आणि हार्ड डिस्क गेली. बॅकअप नव्हता, चूक माझीच. दोन दिवस चडफडलो आणि पुन्हा नॉर्थ यँक्टनच्या बर्फापासून, म्हणजे अगदी पहिल्या प्रसंगापासून, सुरुवात केली. नाहीतर माझं पहिलं मतच कायम राहिलं असतं, आणि ते फार बरं नव्हतं.

गेममधलं लॉस सँटोस शहर केवढं मोठं, तीन नायक कसे बदलायचे, हे २०१३ पासून सांगून झालंय. मला बोलायचंय ते दरोड्याआधी माणसं निवडायची असतात त्याबद्दल. प्रत्येक नावापुढे लुटीतला त्याचा टक्का. मी मुळात चिकट. तीन नायकांपैकी एक असलेल्या मायकलच्या मानसोपचारतज्ज्ञाची फी भरतानाही जीव खालीवर होतो, पैसे खोटे असले तरी. तेव्हा दागिन्यांच्या दुकानासाठी सगळ्यात स्वस्त टोळी घेतली. हॅकर रिकीने अलार्म इतका थोडा वेळ थोपवला की कितीतरी काचा फोडायच्या राहिल्या. टोळीतला बंदूकधारी नॉर्म पळताना बाईकवरून पडून मेला आणि त्याची बॅग उचलायचं मला सुचलंच नाही. गुंडांचा म्होरक्या मद्राझो याचे २५ लाख डॉलर फेडायला निघालेला माणूस टक्के वाचवतो आणि बॅग रस्त्यात टाकून येतो! तेव्हा मी गेमला लबाड म्हटलं होतं.

आता नाही म्हणत. जगलेला माणूस पुढच्या कामात सुधारतो, वाटा मात्र तेवढाच मागतो. म्हणून यावेळी रिकीला मुद्दाम पहिल्याच कामावर घेतलं. शिकू दे बिचारा. नॉर्मला हात लावला नाही. पात्रांची ओळख मला कटसीनपेक्षा या हिशेबातून जास्त झाली.

तक्रार आहेच. पाच मोठ्या दरोड्यांपैकी मेरीवेदर या खासगी सुरक्षा कंपनीला लुटायच्या कामाला माणसांची निवडच नाही, आणि मिळकतही शून्य. पाणबुडी चोरा, समुद्रातून त्या कंपनीचं गुप्त शस्त्र वर काढा, मग दरोडे आखणारा लेस्टर सांगणार की हे विकायचं नाही, परत ठेवा. पहिल्यांदा कंट्रोलर आपटायचा बाकी होता. दुसऱ्यांदा ट्रेव्हरचा, म्हणजे आणखी एका नायकाचा, उत्साह बघून पोटात तुटलं, कारण पुढचं मला माहीत होतं. मोकळ्या जगात मिशन मात्र आखून दिलेलं, जरा वाट सोडली की फेल. त्यातल्या त्यात बरं म्हणजे पुन्हा सुरू केलं की गाडीतल्या गप्पा कधीकधी वेगळ्या ऐकू येतात.

आणि टॅलियाना. पहिल्या खेळात उलटलेल्या गाडीपाशी जखमी पडलेल्या या बाईला मी सरळ मागे टाकून गेलो होतो, घाई होती. यावेळी थांबलो, सँडी शोअर्स या गावाकडे नेऊन सोडलं. ती उत्तम ड्रायव्हर निघाली. दुसरा ड्रायव्हर एडी टो १४ टक्के मागतो, ही ५. आता रस्त्याकडेला कोणीही दिसलं तरी ब्रेक दाबतो.