मॅग्नेटिक स्विव्हल प्लग सॉकेट: काही महिने वापरल्यावर

आडव्या बसवलेल्या व्ही६ इंजिनाचे (तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा) मागचे स्पार्क प्लग ज्याने एकदा तरी काढलेत त्याला हे सॉकेट कशाला घेतलं ते सांगायला नको. पुढचे तीन हसतखेळत निघतात, मागचे तीन फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधली भिंत) तोंड करून बसलेले, हात गेला तर दिसत नाही आणि दिसलं तर हात जात नाही. बऱ्याच गाड्यांत इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याचा, वरचा भाग उतरवावाच लागतो, ते काम कुठलंच सॉकेट वाचवत नाही, तेवढं धरूनच चाला.

माझं १६ एमएमचं आहे, आत रबराऐवजी चुंबक आणि एक्स्टेन्शनला कायमचा जोडलेला युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कुठल्याही बाजूला वाकणारा सांधा. आधीच्या रबरवाल्याचं रबर प्लगलाच चिकटून राहायचं नाहीतर अख्खं सॉकेटच एक्स्टेन्शनमधून सुटून खाली भोकात बसायचं, मग काढत बसा. ती कटकट पूर्ण गेली. नवा प्लग आत सोडतानाही चुंबकाने धरलेला असतो त्यामुळे दाणकन पडून गॅप (ठिणगी पडते ती टोकांमधली फट) बंद व्हायची भीती नाही, इरिडियम टोकाच्या प्लगला तर हे फारच महत्त्वाचं, त्याची बारीक टोकं वाकडी झाली तर परत सरळ करायच्या भानगडीत पडू नये.

आता वापरून वापरून काय झालं ते. जॉइंट ढिला पडलाय, सॉकेट मान टाकतं आणि खोल भोकात कडेला आपटतं. जॉइंटवर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे मारले की ताठ राहतं आणि हवं तेवढं वाकतंही, कंपनीने हे आधीच करून द्यायला हवं होतं खरं तर. दुसरं म्हणजे चुंबक लोखंडाचा कीस गोळा करतो, दरवेळी पुसूनच आत घाला, नाहीतर तो थेट सिलिंडरमध्ये. (प्लग सैल करण्याआधी भोकात हवा मारायची, हे वेगळं सांगत नाही.)

काढायला उत्तम, पण आवळायला मी याच्यावर भरवसा ठेवत नाही. आटे पकडायला रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवतो आणि बोटांनी फिरवतो, आटे वाकडे लागत असतील तर नळीच घसरते, ॲल्युमिनियमचं हेड वाचतं. शेवटचं आवळताना जॉइंट जास्त वाकलेला असेल तर टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) दाखवतो तेवढा टॉर्क प्लगपर्यंत पोचतच नाही, शिवाय बाजूने जोर येऊन सिरॅमिकला तडा गेला की गाडी मिसिंग मारणार, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटणार नाही, आणि तुम्ही उगाच इग्निशन कॉइल बदलत बसणार. १४ एमएम आट्यांच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ एमएमला १५ ते २०, तरी मॅन्युअल बघाच. टॉर्क पाना शिरतच नसेल तर हाताने टेकेपर्यंत आणि मग अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, हे फक्त नव्या वॉशरसाठी, वॉशर नसलेल्या निमुळत्या सीटला जेमतेम १/१६. प्लेटिंगवाल्या प्लगला अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावू नका, आटे निसरडे होऊन नकळत जास्त आवळला जातो.

घेण्याआधी साइज बघा, बीएमडब्ल्यू, मिनी, निस्सानच्या बऱ्याच नव्या इंजिनांना १४ एमएमचं पातळ भिंतीचं बारा कोनी लागतं. सरळ चार सिलिंडरची गाडी, वरून भोकं दिसतायत, तर हे घेऊच नका, साधं चुंबकवालं पुरे. बॉक्सर इंजिनवाल्यांनाही (सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे) हे नको, तिथे प्लग आडवा आणि समोरच चासीची पट्टी, एवढा लांब अखंड दांडा वळतच नाही, त्यांनी सॉकेट आधी आत सरकवून मग छोटे लॉकवाले एक्स्टेन्शन जोडायचे.