रवांडा की बोस्निया : वंशसंहारानंतरच्या राष्ट्रबांधणीचा अभ्यास कोठे करावा?

वंशसंहारातून सावरणाऱ्या समाजावर प्रबंध लिहू पाहणाऱ्यापुढे बहुधा रवांडा आणि बोस्निया-हर्झेगोव्हिना हे दोन देश येतात. त्यांची तुलना करताना हिंसा कशी थांबली, हे आधी पाहावे. रवांडात १९९४ च्या एप्रिल ते जुलै या सुमारे १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसे, त्यांतील बहुसंख्य तुत्सी या अल्पसंख्य समाजाची, हुतू या बहुसंख्य समाजातील अतिरेक्यांकडून मारली गेली आणि रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट या तुत्सींच्या नेतृत्वाखालील बंडखोर संघटनेच्या लष्करी विजयाने तो संहार संपला. बोस्नियात निर्णायक विजय कोणाचाच झाला नाही. १९९५ च्या डेटन शांतता कराराने बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम), सर्ब आणि क्रोएट या लढणाऱ्या पक्षांनाच सत्तेचे वाटेकरी केले. पुढचे बहुतेक फरक येथूनच निघतात.

रवांडातील जेत्यांनी ओळखपत्रावरील हुतू-तुत्सी ही नोंद काढून टाकली आणि सर्वजण केवळ रवांडन आहेत, ही भूमिका शाळांपासून शिबिरांपर्यंत राबवली. टांझानियातील अरुशा येथील, रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने अवघ्या ९३ जणांवर आरोप ठेवले होते, तर देशातील तुरुंगांत लाखाहून अधिक संशयित खितपत पडले होते. म्हणून गावकऱ्यांनीच निवडलेल्या न्यायाधीशांची ‘गचाचा’ न्यायालये उभी राहिली. २०१२ मध्ये ती बंद झाली तोवर त्यांनी सुमारे १९ लाख प्रकरणे हाताळली होती. मारेकरी आणि वाचलेले एकाच टेकडीवर राहणार असतील तर कबुली, शिक्षेतील सवलत आणि शेजार यांची सांगड कशी घालावी, या प्रश्नाला एवढे विस्तृत साहित्य अन्यत्र क्वचितच मिळेल. मात्र फ्रंटच्या सैनिकांनी केलेल्या हत्या या न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या, आणि ‘वंशसंहाराच्या विचारसरणी’विरुद्धच्या २००८ च्या कायद्याच्या सैल व्याख्येमुळे टीकाकारही कचाट्यात सापडू शकत. मुलाखतीत ऐकू येणारा सलोखा मनापासूनचा किती आणि सावधगिरीचा किती, हे संशोधकाला सहज ठरवता येत नाही.

बोस्नियाने उलट मार्ग धरला. तेथे वांशिक ओळख पुसली गेली नाही, ती राज्यघटनेतच गोठवली गेली. अध्यक्षमंडळात एक बोस्नियाक, एक क्रोएट आणि एक सर्ब असतो; रोमा किंवा ज्यू नागरिकाला तेथे उमेदवारीच करता येत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये हा भेदभाव ठरवूनही दहा वर्षांनंतर ती तरतूद कायम होती. काही ठिकाणी एकाच इमारतीत बोस्नियाक आणि क्रोएट मुलांच्या दोन वेगळ्या शाळा भरतात. स्रेब्रेनित्सा, जेथे जुलै १९९५ मध्ये ८,००० हून अधिक बोस्नियाक पुरुष व मुलगे मारले गेले, ज्या सर्बबहुल रिपब्लिका सर्प्स्का या बोस्नियाच्या स्वायत्त भागात आहे, तेथील प्रमुख नेते या घटनेला वंशसंहार मानायला तयार नाहीत. (आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये वंशसंहार हे वर्णन स्रेब्रेनित्सापुरतेच मान्य केले, प्रबंधाचे शीर्षक ठरवताना हे विसरू नये.)

गावपातळीवरील न्याय हाच विषय असेल तर रवांडाला पर्याय नाही. राज्यघटना, शिक्षण किंवा स्मृतीचे राजकारण अभ्यासायचे असेल, तर मी बोस्निया सुचवेन. तेथे सलोखा कमी दिसतो हे खरे, पण मतभेद उघडपणे नोंदवले जातात आणि माजी युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगच्या न्यायाधिकरणाच्या साक्षींशी ते पडताळून पाहता येतात. कंबोडियाचा तिसरा पर्यायही सुचवला जातो. परंतु तेथील विशेष न्यायालय ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या पाडावानंतर २७ वर्षांनी, २००६ मध्ये सुरू झाले आणि त्याने केवळ तिघांना दोषी ठरवले, त्यामुळे उशिराने मिळणारा न्याय हाच प्रश्न असल्याशिवाय तिकडे वळू नये.