मूळव्याधीसाठी सिट्झ बाथ टब, इसबगोल आणि पायांखालचा चौरंग : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जून महिन्यापासून मी मूळव्याधीसाठी तीन वस्तू वापरत आहे : कमोडवर बसवायचा प्लास्टिकचा सिट्झ बाथ टब (कोमट पाणी भरून त्यात बसायचे पसरट भांडे), कोणतीही चव न घातलेले साधे इसबगोल आणि शौचाला बसताना पाय टेकवण्यासाठी एक बुटका लाकडी चौरंग. माझे वय ५१ आहे आणि काम हिशेबाचे, म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्चीवर बसून.

त्याआधी दीड वर्ष शौचाच्या वेळी अधूनमधून लालभडक रक्त पडत होते. दुखत नव्हते, म्हणून ‘उष्णता झाली असेल’ अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले आणि संकोचामुळे घरातही कोणाला सांगितले नाही. नेहमीच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.८ इतके कमी आले, तेव्हा शल्यचिकित्सकांकडे जावेच लागले. त्यांनी दुसऱ्या पायरीची अंतर्गत मूळव्याध असल्याचे सांगितले. कुंथताना कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो, ती ही पायरी. रक्त पडण्यास बराच काळ झाला होता आणि वयही पन्नाशीपुढचे, म्हणून त्यांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घेतली. तीत दुसरे काही आढळले नाही. हे मी मुद्दाम आधी लिहीत आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते आणि नुसत्या लक्षणांवरून त्यातला फरक घरी ओळखता येत नाही, त्यामुळे पुढचे सारे तपासणीनंतरचे आहे असे समजूनच वाचावे.

टबबद्दल माझे मत चांगले आहे, पण मर्यादित. कमोडची बैठक वर करून तो नीट बसतो, मागच्या बाजूच्या खाचांतून जास्तीचे पाणी खाली जाते आणि गुडघे दुखत असल्याने मला जमिनीवरच्या घमेल्यात बसणे शक्य नव्हते, ती अडचण त्याने दूर केली. पहिल्या आठवड्यात मी पाणी फार गरम घेत असे आणि उठताना दोनदा अंधारी आली. आता कोपर बुडवून कोमट असल्याची खात्री करते आणि दहा ते पंधरा मिनिटेच बसते. तुरटी किंवा मीठ घालण्याचा सल्ला अनेकींनी दिला, परंतु डॉक्टरांनी साधे पाणी पुरेसे असल्याचे सांगितले. नंतर मऊ सुती कापडाने टिपून कोरडे करावे, घासू नये. सूज, खाज आणि ठणका यांना टबाने खरोखर आराम मिळतो. रक्त पडणे मात्र त्याने थांबले नाही.

ते थांबवले इसबगोलने, आणि त्याचा योग्य वापर शिकायला मला महिना लागला. मी पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतले, पाणी अर्धा पेला प्यायले आणि तीन दिवस पोट फुगून बसले. इसबगोलची टरफले पाणी शोषून फुगतात आणि मळ मऊ व भरीव करतात. पाणीच कमी पडले तर तीच आत घट्ट होऊन बसतात. मग एका लहान चमच्यापासून सुरुवात केली, दर आठवड्याला थोडे वाढवले, ढवळल्याबरोबर पिऊन वर आणखी एक पेला पाणी घेण्याची सवय लावली. हिमोग्लोबिनसाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्या आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवते. या गोळ्यांनीच मधल्या काळात बद्धकोष्ठता वाढवली होती, म्हणून डॉक्टरांनी त्या एक दिवसाआड करून दिल्या. साधारण सहाव्या आठवड्यापासून कुंथण्याची गरज उरली नाही.

चौरंग सुमारे आठ इंच उंच आहे. पाय वर घेऊन थोडे पुढे झुकले की उकिडवे बसल्यासारखी स्थिती होते आणि मळाचा मार्ग सरळ होतो. त्याहूनही मोठा बदल म्हणजे फोन बाहेर ठेवणे. पूर्वी वीस-पंचवीस मिनिटे सहज जात. आता पाच मिनिटांत झाले नाही तर उठते. कार्यालयातील स्वच्छतागृह अस्वच्छ असल्याने आलेली शौचाची भावना मी वर्षानुवर्षे दाबून ठेवत होते. माझ्यासारख्या कितीतरी स्त्रिया हेच करतात, आणि मळ आतच कोरडा होत जातो, याचा विचार आम्ही करत नाही, याचे मला फार वाईट वाटते. आता सकाळी अर्धा तास आधी उठून, कोमट पाणी पिऊन, घरीच वेळ काढते.

आहारात सासूबाईंच्या आग्रहाने सुरणाची भाजी आणि ताक आले. सुरणाला आयुर्वेदात अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याध घालवणारा, म्हणतात. मला त्याचा वेगळा परिणाम जाणवला असे सांगता येणार नाही, पण भाजी म्हणून ती पोटाला मानवली. फरक पडला तो दोन्ही वेळच्या ज्वारीच्या भाकरीने, मटकीच्या उसळीने, पेरूने आणि चहासोबतची खारी बंद केल्याने. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीनंतर दोन दिवस त्रास ठरलेला असे, म्हणून आता रताळे आणि राजगिरा खाते.

मधोमध भोक असलेली उशीही घेतली होती. तिच्यावर बसल्यावर खालचा ताण वाढल्यासारखा वाटला, म्हणून ती बाजूला ठेवली. भिंतींवर रंगवलेल्या ‘एका दिवसात खात्रीशीर इलाज’ अशा जाहिरातीला भुलून एका ठिकाणी पैसेही घालवले होते. तेथे कोणतीही तपासणी न करता नाव न लिहिलेल्या पुड्या दिल्या गेल्या. त्या मी खाल्ल्या, याचा आजही पश्चात्ताप होतो.

गेल्या पाच महिन्यांत रक्त एकदाच दिसले, डिसेंबरात, लग्नासाठी केलेल्या सोलापूरच्या रात्रीच्या बसप्रवासानंतर. त्या दोन दिवसांत पाणी कमी प्यायले आणि इसबगोल घरीच राहिले होते. हिमोग्लोबिन आता ११.९ आहे. कोंब नाहीसे झालेले नाहीत. डॉक्टरांना ते तपासणीत दिसतात आणि पुन्हा वरचेवर रक्त पडू लागले तर कोंबाला रबर बँड लावण्याचा पर्याय त्यांनी समजावून दिला आहे. टब गेल्या महिन्यात दोनदाच काढावा लागला. चौरंग मात्र जागेवरच असतो, आणि प्रवासाच्या पिशवीत इसबगोलचा एक छोटा डबा मी कायमचा ठेवून दिला आहे.